सातबाऱ्यावर बाईचं नाव : तुमच्याकडे काय झालं?

आबोली
काल भावाचा मेसेज, "ताई हक्कसोडची तारीख घेतलीय, आधार घेऊन ये, जेवायला घरीच." आणि आत्या आठवल्या. मी शाळेत असताना तिघी एसटीने आल्या, तालुक्याला जाऊन वडिलांच्या जमिनीतला हक्क सोडल्याच्या कागदावर अंगठे देऊन आल्या, आईने पुरणाचा घाट घातला, जाताना साडी-खण. कुणी जबरदस्ती केली नाही पण कुणी विचारलं पण नाही. मधल्या आत्याला नवऱ्याने टाकलेलं, दोन लेकरं घेऊन दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायची. तिला एकरभर मिळालं असतं तर? घरात बोलायची सोय नाही म्हणून इथे लिहितेय.

नांदेडकर
सही नाही दिली की माहेर संपलं. मोठ्या बहिणीने नाही दिली, तेव्हापासून भाऊबीज बंद. आईच्या तेराव्याला पण बाहेर ओट्यावर बसली होती ती.

आबोली
अरे देवा 😢

पिंपळपार
माझे वडील शेतकरी संघटनेत. 1986 च्या चांदवडच्या महिला अधिवेशनाला आई बैलगाडी, मग ट्रक असं करत गेलेली. पुढे संघटनेचे नेते शरद जोशींनी लक्ष्मीमुक्ती सुरू केली, बायकोच्या नावावर जमीन करा म्हणून, तेव्हा वडिलांनी विहिरीजवळचा तुकडा आईच्या नावे केला. आजी महिनाभर धुसफुसत होती. पण त्या तुकड्यामुळे आई गावच्या पीककर्जाच्या सोसायटीची सभासद झाली, मतदानाला नवं लुगडं नेसून गेली!! कांदा पण चांगला यायचा त्यात, आता सगळी द्राक्षं.

गुळपोळी
द्राक्षांचं विचारू नका, यंदा अवकाळीने आमची बाग झोपली.

रानजाई
लग्न 1994 च्या आधीचं असलं तर मुलीला काही नाही असं आमच्याकडे तलाठ्यापासून सगळे सांगायचे, राज्याचा कायदा तसाच होता. 2005 ला केंद्राने ती अट ठेवली नाही, आणि ऑगस्ट 2020 ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की वडिलोपार्जित मिळकतीत हक्क जन्मापासून, वडील 2005 ला हयात नसले तरी. आधीच रजिस्टर वाटणी झाली असेल तर मात्र वेगळं. आणि बायांनो, "नाव लावलंय" म्हणाले की उतारा स्वतः बघा. माझं नाव "इतर अधिकार" मध्ये टाकलेलं, मालकाच्या रकान्यात तिघे भाऊ!

काळीमाती
यवतमाळकडची आहे. नवरा गेला, जमीन सासऱ्याच्या नावावर. पेरणी मी, फवारणी मी, पण बँक पीककर्जाला दारात उभी करत नाही. बाकी काय लिहू, गाय हंबरतेय, नंतर येते.

पिंपळपार
ताई सासऱ्यांशी बोलायला कुणी मोठं माणूस आहे का? नक्की लिहा.

बांधावरचा
मी भाऊ. बहिणींची नावं लावली तर बायको रडली, म्हणे मी माहेरी सही देऊन आले आणि इथे तुमच्या बहिणींना वाटा. तिचं चुकलं असं म्हणवत नाही मला.

नांदेडकर
दादा, वहिनींना आमचा नमस्कार सांगा 🙏

आबोली
सगळ्यांचं वाचलं. भावाला सांगितलं, जेवायला येईन, सही देणार नाही. फोन ठेवला त्याने. @रानजाई त्याने परस्पर फेरफार टाकला, म्हणजे सातबाऱ्यावरची नोंद बदलायला दिली, तर?

रानजाई
नोटीस आली की पंधरा दिवसांत लेखी हरकत द्या, पोच घ्या. नुसतं तोंडी सांगून येऊ नका.