दोन रात्री पुळणीवर काढल्या, घरचा नळ देव वाटायला लागला. किती दिवस टिकतं हे?

रेतीत_पाय:
मंडळी, मागच्या वीकेंडला आम्ही चौघं दापोलीजवळ केळशीला समुद्रकाठच्या सुरूच्या बनात तंबू टाकून राहिलो, वाडीवाल्या काकांना विचारूनच. पंखा नाही, चार्जिंग नाही, गोडं पाणी म्हणजे काकांच्या विहिरीवरून आणलेले दोन कॅन. खाऱ्या वाऱ्याने अंग चिकचिकीत, पहाटे दवाने पांघरूण ओलं आणि रेती तर भातात, दातात, कानात. त्यात पहिल्या रात्री तंबू जरा खालीच टाकलेला, अकराला पाणी दारात!! घरी येऊन पहिला तांब्या डोक्यावर ओतला आणि तसाच उभा राहिलो, बायको बाहेरून विचारतेय काय झालं. पण खरं सांगू, गुरुवारी गिझर तापायला उशीर झाला तर परत चिडचिड. तुमचं पण असंच होतं का?

माडाखालचा:
पौर्णिमा होती ना, मग येणारच पाणी. तिथीची पाऊणपट करायची, भरती कधी भरणार ते कळतं. चतुर्थीला तीन, पौर्णिमेला सव्वाअकरा. आमच्या आजोबांना ॲप लागलं नाही कधी.

दापोलीची_सून:
हौसेने दोन दिवस राहणं वेगळं हो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, त्यानंतर आमच्या वाडीत महिनाभर लाईट नव्हती. माड आडवे, कौलं उडालेली, पंप बंद, मग अडगळीतला रहाट काढला आणि पाणी कसं ओढायचं ते सत्तरीच्या सासूबाईंनी आम्हाला शिकवलं, माझ्या तळहाताला फोड. लाईट आली त्या रात्री सासूबाईंनी पंखा तीनदा चालू-बंद करून बघितला. तेव्हा कौतुकबिवतुक काही वाटलं नाही, नुसता राग होता. आणि तो आनंदही आठवड्यात गेला, तुमच्यासारखाच. पण मे महिना आला की रहाटाला तेल घालतो आणि रात्री दोन कळश्या भरलेल्या असल्याशिवाय मला झोप येत नाही, तेवढं मात्र राहिलंय.

खादाड_खेडकर:
चुलीवर कुळथाची पिठी केलीत की नाही? नसेल तर गेलात कशाला 😄

रेतीत_पाय:
पिठी केली, जाळायला आणलेली नारळाची सोडणं ओली होती त्यामुळे धूरच जास्त खाल्ला. ताई, तुमचं वाचून जरा ओशाळलो, कारण ते दोन कॅन आम्ही ओढून नाही भरले, काकांनी पंप लावून दिला होता. पुढच्या वेळी तिथी बघून जातो आणि पाणी रहाटाने काढू द्या म्हणतो.