महिन्याला एकच सिनेमा थिएटरात: कोणता निवडावा?

पावसाळी_माशेल

नमस्कार मंडळी. घरात आम्ही पाच जण: आई-बाबा साठीच्या पुढचे, आम्ही दोघं आणि बारा वर्षांचा मुलगा. माशेलहून पणजी गाठायची, पाच तिकिटं काढायची, मध्यंतरात खाणं आलंच. त्यामुळे महिन्याला एकच सिनेमा थिएटरात परवडतो, बाकीचे घरी ४३ इंची टीव्हीवर. तो एक नीट निवडायचा आहे. अलीकडच्या सिनेमांबद्दलची माझी मतं देतो, पटत नसेल तिथे सांगा.

'छावा': शेवटचा अर्धा तास मोठ्या पडद्यासाठीच केलेला आहे, पण आवाज ज्येष्ठांना सोसत नाही.
'दशावतार': दिलीप प्रभावळकरांसाठी तिकिटाचे पैसे वसूल. पूर्वार्ध जास्त आवडला, उत्तरार्धात सूडकथा फार पुढे येते.
'मुंज्या': मुलांना मजा, मोठ्यांना ठीक.
'भ्रमयुगम': ओटीटीवर अर्धा काळोखच दिसतो, गोष्ट पोचत नाही.
'साबर बोंडा': संथ, शांत. घरी बघितला तरी काही बिघडत नाही असं वाटतं.
'धुरंधर': साडेतीन तासांवर लांबी. तेवढं बसवणार का कुणाला?

प्रश्न असा की कोणत्या प्रकारच्या सिनेमाला खरंच थिएटर लागतं? हाणामारीचा असला की थिएटर आणि घरगुती गोष्ट असली की टीव्ही, एवढाच हिशेब पुरेसा आहे का? शिवाय मल्याळी सिनेमे हिंदी डबिंगमध्ये बघावेत की मूळ भाषेत?

तिसरी_घंटा

तो हिशेब पुरत नाही. निवडताना सिनेमाचं बजेट बघू नका, घरी बघताना त्यातलं काय हरवतं ते बघा. काही सिनेमांचं काळोखावाचून अडतं, काहींचं शांततेवाचून, काहींचं शेजारी हसणाऱ्या माणसांवाचून.

'साबर बोंडा'बद्दल मी तुमच्या अगदी उलट म्हणेन. मुंबईत राहणारा मुलगा वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी जातो, एवढीच गोष्ट. पार्श्वसंगीत नाही, कॅमेरा बराच वेळ एका जागी ठेवलेला. माणसं बोलायची थांबली की उरतो तो वारा, भांड्यांचा आवाज, लांबवर कुणाचं तरी बोलणं. दिग्दर्शक रोहन कानवडे यांनी सांगायचं बरंचसं तिथेच ठेवलं आहे. घरी पंखा, कुकर आणि फोन यांच्यात नेमकं तेच बुडतं, आणि मग सिनेमा 'संथ' वाटतो. २०२५ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात याला जागतिक विभागातला सर्वोच्च ज्युरी पुरस्कार मिळाला. असा सिनेमा लागला की महिन्याचं तिकीट त्यालाच द्यावं.

'भ्रमयुगम'चं तसंच, पण तिथे काळोख हवा. सिनेमा पूर्ण कृष्णधवल. सतराव्या शतकातला मलबार, एक पडका वाडा आणि आत मोजकी माणसं. सगळा खेळ काळ्या आणि करड्या रंगाच्या मधल्या छटांचा. खोलीतली ट्यूब चालू असली की तिचा उजेड टीव्हीच्या काचेवर पडतो, गडद छटा एकमेकींत मिसळतात आणि मामुट्टींच्या चेहऱ्याच्या जागी नुसता डाग दिसतो. घरी बघायचाच तर रात्री नऊनंतर, सगळे दिवे घालवून.

आता आवाज. हॉलमधल्या ध्वनियंत्रावर साधारण ० ते १० असे आकडे असतात. सिनेमाचं मिश्रण ७ वर ऐकून केलेलं असतं. जाहिराती आणि ट्रेलर फार मोठ्याने मिसळलेले असतात म्हणून प्रेक्षक तक्रार करतात, ऑपरेटर साडेचारपर्यंत खाली आणतो आणि मूळ सिनेमा तिथेच चालतो. ४ ते १० या पट्ट्यात एक आकडा म्हणजे सुमारे ३.३ डेसिबल, म्हणजे आवाज ८ डेसिबलने उतरला. मग हळू बोललेले संवाद पोचत नाहीत आणि 'कलाकार पुटपुटतात' अशी ओरड होते. युद्धाच्या सिनेमात गोष्ट उलटी: ७ वर ठेवला तर ढोल आणि तोफा ज्येष्ठांना सोसत नाहीत. ५.५ ते ६ हा चालण्यासारखा मध्य. ही विनंती पहिल्या दहा मिनिटांत बाहेरच्या कर्मचाऱ्याला सांगा. मध्यंतरानंतर सांगून उपयोग नसतो, तोवर अर्ध्या हॉलला त्या पातळीची सवय झालेली असते.

आई-बाबांना शेवटच्या रांगेतल्या कोपऱ्यात बसवू नका. मागचे आणि बाजूचे स्पीकर बरोबर डोक्यावर येतात, समोरचा संवाद दबतो. पडद्यापासून मोजत मागे दोन तृतीयांश अंतरावर, मधोमध, ही सगळ्यांत चांगली जागा. बारा रांगांचा हॉल असेल तर आठवी. रांगांची ए, बी, सी अक्षरं काही हॉलमध्ये पुढून सुरू होतात, काहींत मागून, म्हणून ॲपवरच्या नकाशात पडदा कुठल्या बाजूला दाखवलाय ते बघूनच जागा घ्या.

थ्रीडी शक्यतो टाळा. साध्या खेळात पडद्यावर १४ फूट-लँबर्ट (पडद्यावरचा उजेड मोजायचं एकक) उजेड असावा असं मानक आहे. चष्म्यातून त्याचा तिसरा हिस्सा पोचला तरी खूप. गडद सिनेमा असेल तर पैसे जास्त आणि दिसतं कमी.

पेडण्याचो_रंगकर्मी

'दशावतार'चा उत्तरार्ध कमी पडतो हे मान्य. पण पूर्वार्ध का धरतो ते सांगतो, कारण आमच्या पेडणे भागात हा खेळ जत्रेत उभा राहतो. दशावतारी नाटकाची लिखित संहिता नसते. आख्यान ठरतं, कोण कुठला राजा, कोण राक्षस ते ठरतं आणि संवाद रंगमंचावर उत्स्फूर्त होतात. आधी आडदशावतार म्हणजे सुरुवातीचा भाग, त्यात संकासुर हा राक्षस, मग रात्र चढेल तसं आख्यान. पेटी, मृदंग आणि झांज. नट स्वतःचा चेहरा स्वतः रंगवतो: आधी पांढरट-गुलाबी लेप, मग भुवया आणि ओठ, शेवटी मुकुट. हातात छोटा आरसा धरून बसलेल्या नटाचा चेहरा रंगत जातो तसा त्याचा आवाजही बदलत जातो. प्रभावळकरांनी हे बदलणं खांद्यांत आणि मानेत आणलं आहे. टीव्हीवर चेहरा दिसतो, खांदे सुटतात. या सिनेमासाठी थिएटर हवं ते एवढ्यासाठी.

मालवणी संवाद आपल्याकडच्या प्रेक्षकाला उपशीर्षकाशिवाय कळतात, हा आपला मोठा फायदा.

'कांतारा'शी तुलना होणारच. तिथे भूतकोला हा अंगात दैवत येण्याचा तुळू विधी, इथे दशावतार, दोन्हीकडे जंगल आणि जमिनीचा प्रश्न. पण २०२२ च्या पहिल्या 'कांतारा'त शेवटची वीस-पंचवीस मिनिटं देवत्वाचा आविर्भाव थेट अंगात उतरतो, कथा त्याच्यापुढे बाजूला होते. 'दशावतार'मध्ये प्रत्येक अवतार कथेच्या सोयीसाठी येतो, म्हणून तो जोर येत नाही. 'कांतारा: चॅप्टर १' मोठा आहे, देखणा आहे, पण पहिल्या तासात पात्रं फार आणि ओळख कमी. तो टीव्हीवर बघितला तर काहीच उरत नाही, त्यामुळे थिएटर नाहीतर सोडून द्या.

'मुंज्या'ला तुम्ही कमी गुण दिलेत. भयविनोद हा प्रकार भरलेल्या हॉलमध्येच चालतो. दचकणं आणि हसणं यांत एखाद-दुसऱ्या सेकंदाचं अंतर ठेवलेलं असतं आणि ते अंतर प्रेक्षकांच्या आवाजानेच भरतं. 'स्त्री २'चंही तेच. शनिवारी संध्याकाळचा खेळ घ्या, मंगळवारी दुपारी बारा माणसांत हे सिनेमे पडतात.

कुळागर

तिकिटाच्या व्यवहाराचं थोडं.

मुलगा बाराचा आहे म्हणून आधी प्रमाणपत्र बघा. २०२४ च्या नव्या नियमांनी यूए चे तीन भाग झाले: ७+, १३+ आणि १६+. हे पालकांसाठी मार्गदर्शन आहे, सोबत मोठे असतील तर मूल आत जाऊ शकतं. 'ए' मात्र अठराच्या आतल्यांना बंद, आईवडील बरोबर असले तरी. 'धुरंधर' आणि 'किल' दोन्ही 'ए'. 'छावा' यूए १६+, म्हणजे मुलाला न्यायचं की नाही हे तुम्ही ठरवायचं. शेवटच्या भागातल्या छळाची दृश्यं बाराव्या वर्षी नकोत असं माझं स्पष्ट मत.

'धुरंधर' ३ तास ३४ मिनिटांचा. जाहिराती आणि मध्यंतर धरून चार तास गेले. रात्री दहाचा खेळ घेतलात तर बाहेर पडायला दोन वाजतात आणि तेव्हा पणजीहून बस मिळणार नाही, स्वतःची गाडी हवी. ज्येष्ठांसाठी सकाळचा पहिला खेळ बरा, बहुधा तिकीटही स्वस्त.

मराठी सिनेमा बघायचा तर पहिल्याच शनिवार-रविवारी. आठवडा शुक्रवार ते गुरुवार असा मोजतात. सोमवारी गल्ला बघून खेळ कमी करतात, दुसऱ्या शुक्रवारी उरलेला एक खेळ अडनिड्या वेळी ढकलतात. 'दशावतार' १२ सप्टेंबर २०२५ ला आला, 'साबर बोंडा' १९ ला. दोन मराठी सिनेमे आठवड्याच्या अंतराने आले की धंदा करणारा सिनेमा पडदे धरून ठेवतो आणि लहान सिनेमाच्या वाट्याला अकरा किंवा साडेतीनचा खेळ येतो. नव्या आठवड्याचे खेळ बुधवार-गुरुवारी ॲपवर दिसू लागतात, त्याच दिवशी बघून ठेवा.

पैसे वाचवायचे तर खिडकीवर तिकीट काढा, ऑनलाइनचं सुविधा शुल्क पाच माणसांमागे जाणवतं. १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के जीएसटी आहे, त्यावर गेलं की १८. म्हणून स्वस्त खेळ खरोखरच स्वस्त पडतो.

नोव्हेंबरात मात्र बेत वेगळा करा. इफ्फीच्या, म्हणजे गोव्यातल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या दिवसांत पणजीच्या आयनॉक्सचे चारही पडदे महोत्सवाकडे असतात आणि अलीकडे पर्वरीचं आयनॉक्स, पणजीचं सम्राट-अशोक थिएटर, फोंड्याचं मॅजिक मूव्हीज इथेही महोत्सवाचे खेळ लागतात. नेहमीच्या सिनेमासाठी तेव्हा आधी खेळ तपासूनच निघा. उलट इफ्फीत प्रतिनिधी नोंदणी केलीत तर एरवी गोव्यात न लागणारे सिनेमे बघायला मिळतात. तुमची निवड शांत सिनेमांकडे झुकली तर वर्षाचा तो आठवडा वाया घालवू नका.

सबटायटलवाला

मल्याळी सिनेमा मूळ भाषेतच बघा. डबिंगमध्ये फक्त शब्द बदलत नाहीत. नवा आवाज स्टुडिओत जवळच्या माइकवर घेतलेला असतो, त्यामुळे लांब उभा असलेला माणूसही कानाशी बोलल्यासारखा ऐकू येतो. 'मंजुम्मेल बॉइज' घ्या: कोडाईकनालच्या गुहेत मुलगा खोल पडतो आणि वरून मित्र हाका मारतात. ती खोली कळते ती हाकेच्या घुमण्यावरून. डबिंगमध्ये नेमकं तेच सपाट होतं. शिवाय यातली मुलं मल्याळी, गाव तमिळ, आणि भाषेची अडचण हा कथेचाच भाग. सगळे हिंदी बोलू लागले की पोलीस ठाण्यातला प्रसंग अर्धा होतो.

'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट'मध्ये तर मल्याळम, हिंदी आणि मराठी तिन्ही आहेत. उत्तरार्ध रत्नागिरीच्या किनाऱ्यावर घडतो आणि छाया कदम यांचं मराठी कानावर पडलं की त्या बाईचं घरी परतणं कळतं.

बुकिंग करताना सिनेमाच्या नावाखाली भाषा लिहिलेली असते, ती बघून मगच पुढे जा. ज्येष्ठांना इंग्रजी उपशीर्षकं वाचणं जड जात असेल तर फार पुढे बसवू नका, ओळ वाचायला मान फिरवावी लागते. त्यांना तेही नको असेल तर डबिंग चालेल, पण मग तो सिनेमा घरी बघा. दक्षिणेतले बरेच सिनेमे चार आठवड्यांत ओटीटीवर येतात, हिंदी साधारण आठ आठवड्यांनी.

तिसरी_घंटा यांच्याशी एका बाबतीत असहमत. शांत सिनेमा थिएटरात बघावा हे खरं, पण शेजारचा माणूस फोन उघडून बसला तर घरच बरं. अशा सिनेमासाठी गर्दीचा खेळ घेऊच नये, मंगळवार-बुधवारची दुपार घ्यावी.

पावसाळी_माशेल

देव बरें करूं सगळ्यांना. मंगळवारी दुपारी आई-बाबांना 'साबर बोंडा'सारखा एखादा दाखवता येईल. शाळेच्या सुट्टीत मुलाला भयविनोद. बाकीचे सिनेमे घरीच, तर टीव्हीत काही बदल करून फरक पडतो का? संवाद ऐकू येत नाहीत आणि पावसात वीज गेली की सगळं पुन्हा सुरू करावं लागतं.

तिसरी_घंटा

फरक पडतो, एक पैसा न घालवता.

पहिलं काम, चित्र गुळगुळीत करणारी सोय बंद करा. सॅमसंगमध्ये पिक्चर क्लॅरिटी किंवा ऑटो मोशन प्लस, एलजीत ट्रूमोशन, सोनीत मोशनफ्लो. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांवर असतो. टीव्ही मधली चित्रं स्वतः बनवून भरतो आणि सगळं मालिकेसारखं दिसतं, हाणामारीत हातांभोवती धूसर कडा येतात. मग चित्राचा प्रकार फिल्ममेकर मोड किंवा सिनेमा ठेवा. 'व्हिव्हिड' नको, त्यात गडद भाग निळे पडतात.

संवादासाठी: संवाद मधल्या स्पीकरला दिलेला असतो आणि तुमच्या टीव्हीला तो स्पीकर नाही. ओटीटी ॲपमध्ये आवाजाचा पर्याय ५.१ (सहा स्पीकरांचा) असेल तर स्टीरिओ (दोन स्पीकरांचा) करा, टीव्हीच्या ध्वनी विभागात पीसीएम निवडा. त्याने मधला आवाज दोन्ही बाजूंना नीट वाटला जातो. तरी कमी वाटलं तर नाइट मोड लावा, मोठे आवाज दबतात आणि पुटपुटणं वर येतं. 'दशावतार'ला हा बदल करून बघा, मालवणी हेल लगेच स्वच्छ होतात. 'भ्रमयुगम'ला नाइट मोड लावू नका, पावसाचा आवाज आणि संवाद एकाच पातळीवर येतात आणि भीती जाते.

विजेसाठी राउटर आणि टीव्ही एका छोट्या यूपीएसवर ठेवा. ४३ इंची एलईडी टीव्ही साधारण १०० वॉटच्या आत खातो. ६०० व्हीएचा यूपीएस दहा मिनिटं सहज टिकतो. रविवारी रात्री सगळे एकदम बघतात तेव्हा नेटचा वेग पडतो, म्हणून मोठ्या लांबीचा सिनेमा ॲपमध्ये परवानगी असेल तर दुपारीच उतरवून ठेवा.