मदत हवी आहे: नियोजन कार्यालय आणि नगररचना महाविद्यालय यांच्यातला करार कसा लिहावा?

नमस्कार मंडळी,

मी एका शहराच्या नियोजन कार्यालयात काम करते. आमचं कार्यालय आणि नगररचना महाविद्यालय यांच्यात तीन वर्षांचा सामंजस्य करार व्हायचा आहे आणि त्याचा मसुदा करायचं काम माझ्याकडे आलंय. नमुना म्हणून मिळालेला कागद दीड पानाचा आहे. ‘ज्ञानाची देवाणघेवाण’, ‘परस्पर सहकार्य’, ‘संयुक्त उपक्रम’ हे सगळं त्यात आहे. कोणी, कधी, काय द्यायचं याबद्दल मात्र एक ओळही नाही. असा करार सहीच्या दिवसानंतर कोणी उघडून बघत नाही. मला तो कामाचा करायचाय, म्हणून इथे विचारते आहे. शिकवणारे, संशोधन करणारे, कार्यालयात बसणारे, सगळ्यांची मतं हवी आहेत.

घोडं कुठे अडतं ते एका उदाहरणावरून सांगते. मागे पदव्युत्तर वर्गाच्या विद्यार्थ्यांनी बाजारपेठेतल्या रस्त्यांवर पार्किंगची पाहणी केली होती. दर अर्ध्या तासाने तोच रस्ता पुन्हा चालायचा, उभ्या असलेल्या प्रत्येक गाडीच्या नंबराचे शेवटचे चार आकडे तक्त्यात लिहायचे, पुढच्या फेरीत तीच गाडी दिसली की खूण करायची. कंटाळवाणं काम, पण कुठली गाडी किती वेळ जागा अडवते ते यातून नेमकं कळतं. मुलांनी ते मन लावून केलं. अहवाल जाडजूड झाला, ज्युरीत, म्हणजे परीक्षकांसमोरच्या सादरीकरणात, कौतुक झालं. आमच्या वाहतूक अभियंत्यांना त्यातून एकच तक्ता हवा होता: कोणत्या रस्त्यावर, कोणत्या तासाला ८५ टक्क्यांहून जास्त जागा भरलेल्या असतात. तो अहवालात नव्हता. कच्च्या नोंदींवरून तो सहज निघाला असता, पण नोंदी ज्या विद्यार्थिनीच्या लॅपटॉपवर होत्या ती शिक्षण संपवून निघून गेली होती. शेवटी निर्णय जुन्याच अंदाजांवर झाला.

गंमत म्हणजे तो ८५चा आकडाही विद्यापीठातूनच आलेला आहे. अमेरिकेतल्या लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठाचे प्राध्यापक डोनाल्ड शूप यांनी पार्किंगवर आयुष्यभर काम केलं. रस्त्याच्या प्रत्येक तुकड्यावर एखाद-दुसरी जागा मोकळी राहील इतकंच शुल्क ठेवा, म्हणजे जागा शोधत घिरट्या घालणाऱ्या गाड्या कमी होतील, हे त्यांचं सांगणं अनेक शहरांनी उचललं. ते वाचल्यावर पुढे काय करायचं हे अभियंत्याला कळतं, म्हणून उचललं. तेव्हा कार्यालयं संशोधनाकडे ढुंकूनही बघत नाहीत, हे मला पटत नाही.

आणि ही दरी मुळापासून होती असंही नाही. ब्रिटनमध्ये १९०९ साली नगररचनेचा कायदा झाला आणि त्याच वर्षी लिव्हरपूल विद्यापीठात नगररचनेचा विभाग सुरू झाला. स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडीस तर ‘आधी पाहणी, मग आराखडा’ हेच सांगत फिरले. पाहणी आणि आराखडा ही एकाच कामाची दोन टोकं होती. आज पाहणी एका इमारतीत होते आणि आराखडा दुसऱ्या.

माझे प्रश्न असे. अभ्यासाचा विषय कोणी ठरवायचा? त्यांचं सत्र आणि आमचं कामाचं वेळापत्रक कधीच जुळत नाही, त्याचं काय करायचं? नोंदी कोणाच्या मालकीच्या? आणि सगळ्यात नाजूक: अभ्यासातून आमच्याच एखाद्या प्रकल्पाच्या विरोधात निष्कर्ष निघाला तर तो छापायची मोकळीक करारात लिहून द्यावी का? आमच्याकडे या शेवटच्या मुद्द्यावर दोन तट पडले आहेत.

प्रतिसाद १

मी नगररचनेचा स्टुडिओ, म्हणजे प्रत्यक्ष प्रकल्प करून शिकायचा वर्ग, शिकवतो. तुमचं पार्किंगचं उदाहरण वाचून मन खट्टू झालं, कारण असे अहवाल आमच्याकडे कपाटभर आहेत.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो, रागावू नका. विद्यार्थी म्हणजे कार्यालयाचे फुकटचे सल्लागार नव्हेत. निविदा काढायला नको म्हणून पाहणी मुलांकडून करून घ्यायची, असा करार झाला तर मुलं वर्षभर तक्ते भरतील आणि विचार करायला शिकणार नाहीत. कार्यालयाने विषय द्यावा, पण उत्तर ठरवून देऊ नये. ‘या चौकात उड्डाणपूल हवा हे सिद्ध करा’ हा विषय नव्हे. ‘या चौकातून कोण, कुठून, कशासाठी जातं’ हा विषय आहे.

व्यावसायिक कसं शिकतात याचे अमेरिकन अभ्यासक डोनाल्ड शॉन यांनी १९८३ साली मांडलेला विचार इथे उपयोगी पडतो. मुरलेला व्यावसायिक पुस्तकातला सिद्धांत उचलून जशाच्या तसा लावत नाही. काम करता करता, समोरची परिस्थिती कशी वागते ते बघत तो विचार बदलत जातो. हे कसब व्याख्यानातून येत नाही, ते करणाऱ्याच्या शेजारी बसूनच येतं. म्हणून तुमच्या कार्यालयातला माणूस फक्त शेवटच्या ज्युरीला हार घ्यायला येऊ नये. विषय ठरतो त्या पहिल्या आठवड्यात तो हवा, आणि मधल्या टप्प्यावर, जेव्हा अजून दिशा बदलता येते, तेव्हा तर हवाच.

सत्राचं म्हणाल तर, कार्यालयाने प्रश्नांची एक चालू यादी ठेवावी आणि प्रत्येक प्रश्नासमोर ‘उत्तर कधीपर्यंत हवं’ हे लिहावं. ज्याचं उत्तर पुढच्या महिन्यात हवं तो प्रश्न आमच्याकडे पाठवूच नका. ज्याला वर्ष-दोन वर्षं आहेत तो पाठवा. आराखड्याच्या फेरविचाराची तारीख तुम्हाला आधीपासून माहीत असते, तिच्यावरून मागे मोजत या.

आणि गुणांचा विचार करा. मुलं ज्याला गुण असतात ते करतात, त्यात त्यांचा दोष नाही. अहवालासोबत दोन पानी कार्यालयीन टिपण आणि नीट नावं दिलेल्या रकान्यांची नोंदींची फाइल द्यावी लागेल आणि त्याला वेगळे गुण असतील, असं मूल्यमापनात आलं की तुमचा तक्ता तुम्हाला मिळेल. टिपण लिहिणं मुलांना वाटतं त्यापेक्षा फार अवघड असतं. शंभर पानांतून अधिकाऱ्याला ठरवता येईल अशी एक गोष्ट काढणं, ती किती खात्रीची आहे हे प्रामाणिकपणे सांगणं, हेही शिक्षणच आहे.

प्रतिसाद २

मी निवृत्त नियोजनकार. दोनच मुद्दे.

पहिला, विषय कोणी ठरवायचा. न्यूयॉर्कचं उदाहरण बघा. तिथे १९६१च्या नियमांनी इमारतीपुढे सार्वजनिक चौक, म्हणजे लोकांसाठी मोकळी जागा, सोडणाऱ्या विकासकाला जादा बांधकाम क्षेत्र देऊ केलं. चौक झाले, पण बरेचसे ओस पडले. विल्यम व्हाइट तेव्हा शहराच्या नियोजन आयोगासाठी काम करत होते आणि प्रश्न तिथेच उभा राहिला: आपण जागा तर मिळवतो आहोत, मग लोक तिथे का थांबत नाहीत? त्यांनी तरुण सहायकांना घेऊन कॅमेरे लावले, तासन्‌तास माणसं कुठे बसतात, कुठे उभी राहतात, कुठून वळसा घालतात ते टिपलं. चौकाचा आकार, भोवतालची इमारत यांपेक्षा बसायला जागा आहे की नाही यावर बरंच काही ठरतं, असं दिसलं. ऐकायला साधं वाटतं, पण नियम लिहिणाऱ्यांच्या ते ध्यानात आलं नव्हतं. १९७५ साली नियम बदलले आणि चौकाच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात बैठकीची व्यवस्था सक्तीची झाली. प्रश्न कार्यालयातला, पद्धत संशोधकाची आणि उत्तर थेट नियमात. तुमच्या करारात हा क्रम आला पाहिजे. पाहणी सुरू होण्याआधीच विचारा: यावरून कोणता नियम, कोणता नकाशा, कोणती तरतूद बदलू शकते? याचं उत्तर देता येत नसेल तर तो विषय शुद्ध संशोधन म्हणून खुशाल करा, तेही हवंच. पण मग कार्यालयाकडून अपेक्षा ठेवू नका.

दुसरा मुद्दा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. दरवर्षी नवा विषय घेऊ नका. कोपनहेगनमध्ये स्ट्रॉएट हा रस्ता १९६२ साली पादचाऱ्यांसाठी राखला. पुढे वास्तुकला शाळेत शिकवणारे यान गेल आणि त्यांचे सहकारी यांनी मध्यवर्ती भागात लोक किती चालतात, किती थांबतात, बसून काय करतात याची मोजणी केली: १९६८, १९८६ आणि १९९५. मोजणी पुन्हा पुन्हा झाली म्हणून काय बदललं ते आकड्यांत दाखवता आलं. वाहनांची मोजणी प्रत्येक शहर करतं, माणसांची कोण करतं? एकदा मोजलेला आकडा म्हणजे नुसता फोटो. तीच मोजणी, त्याच जागी, त्याच पद्धतीने पाच तुकड्यांनी केली की कार्यालयाच्या हातात पुरावा येतो. आणि हे काम महाविद्यालयाइतकं सातत्याने दुसरं कोणी करू शकत नाही, कारण तुकडी दरवर्षी येते. सल्लागार काम संपलं की जातो.

प्रतिसाद ३

मी संशोधन करते, अनौपचारिक वस्त्यांवर. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर: हो, छापायची मोकळीक लिहूनच द्या. ती नसेल तर चांगले संशोधक तुमच्याकडे फिरकणार नाहीत, आणि जे येतील त्यांच्या अनुकूल निष्कर्षांवरही कोणी विश्वास ठेवणार नाही. मात्र छापण्याआधी कार्यालयाला वाचायला ठरावीक मुदत द्यावी. त्या मुदतीत कार्यालयाने तथ्यांच्या चुका दाखवाव्यात, हवं तर आपलं उत्तर सोबत छापायला द्यावं. निष्कर्ष बदला असं म्हणायचा हक्क नको. तुमच्या दोन्ही तटांना हे मान्य होण्यासारखं आहे.

दुसरं, ज्यांची पाहणी होते ते लोक या करारात कुठेच दिसत नाहीत. वस्तीत दर दोन वर्षांनी कोणीतरी तेच प्रश्न विचारायला येतं आणि उत्तरं घेऊन जातं. पुढे काय झालं ते कोणी सांगायला येत नाही. आफ्रिकेतल्या नियोजन शाळांच्या संघटनेने २०१० साली झोपडपट्टीवासीयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेशी, म्हणजे एसडीआयशी, करार केला आणि त्यातून संयुक्त स्टुडिओ झाले. तिथे रहिवासी स्वतः गणनेत होते, विद्यार्थी त्यांच्याबरोबर फिरत होते. घराचं मोजमाप कसं घ्यायचं हे विद्यार्थ्यांना येत होतं; कोणत्या घरात दोन कुटुंबं राहतात हे रहिवाशांना. दोन्ही एकत्र आल्याशिवाय नकाशा खरा होत नाही. तेव्हा पाहणीचे निकाल त्या भागातल्या लोकांसमोर, त्यांच्या भाषेत मांडल्याशिवाय काम पूर्ण झालं असं धरलं जाणार नाही, हे कलम घालाच.

आणि केप टाउनचंही बघा. तिथे २०१२पासून विद्यापीठाचे पीएचडी संशोधक महापालिकेच्या विभागांत बसून काम करू लागले, आणि महापालिकेचे अधिकारी काही काळ विद्यापीठात जाऊन स्वतःच्या अनुभवावर लिहू लागले. देवाणघेवाण दोन्हीकडून होती, हे मला त्यातलं मोठं वाटतं. आपल्याकडचे करार संशोधकांना कार्यालयात पाठवायचं बोलतात, अधिकाऱ्यांना लिहायला वेळ द्यायचं बोलत नाहीत. वीस वर्षं आराखडे केलेल्या माणसाला जे कळलेलं असतं ते निवृत्तीबरोबर जातं.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. हे मसुद्यात घेते आहे: उत्तराच्या मुदतीसह प्रश्नांची यादी, पहिल्या आठवड्यात आणि मधल्या टप्प्यावर कार्यालयाची उपस्थिती, टिपणाला आणि नोंदींना गुण (हे महाविद्यालयाच्या हातात, पण आग्रह धरीन), आणि छापण्याआधी वाचनाची मुदत. माणसांच्या मोजणीची कल्पना तर फारच आवडली. बाजारपेठ, स्थानकाचा परिसर आणि एक शाळेचा रस्ता अशा तीन जागा मी मनात धरल्या आहेत. शाळेचा रस्ता मुद्दाम, कारण मुलं गाड्यांच्या मोजणीत कुठेच येत नाहीत. अधिकाऱ्यांना लिहायला वेळ देण्याचं कलम मंजूर होणं अवघड आहे, तरी घालते. निदान त्यावर चर्चा होईल.

एक प्रश्न उरतोच. आमच्याकडे बदल्या होतात आणि तिकडे प्राध्यापक बदलतात. समन्वयक गेला की यादी त्याच्याबरोबर जाते. नोंदींचीही तीच गत. यावर कोणी काही केलं आहे का?

प्रतिसाद २

केलं आहे. समन्वयक नावाने नेमू नका, पदाने नेमा, आणि दोन्हीकडे प्रत्येकी दोन पदं ठेवा, म्हणजे एकाची बदली झाली तरी दुसरा असतो. पदभार सोपवताना जी यादी देतात तिच्यात ‘प्रश्नांची यादी व नोंदींचा संच’ ही बाब घाला, की नव्या माणसाला त्यावर सही करावीच लागते. नोंदींची एक प्रत महाविद्यालयाच्या ग्रंथालयात आणि एक तुमच्या जीआयएस (संगणकीय नकाशांच्या) कक्षात, प्रत्येक सत्र संपल्यापासून तीस दिवसांत. पाहिलेल्या माणसांची नावं, गाड्यांचे नंबर ओळखू येणार नाहीत असे करूनच जमा करायचे, हेही त्याच कलमात लिहा. आणि मालकी दोघांची मिळून ठेवा. एकाची ठेवलीत तर दुसऱ्याला दर वेळी अर्ज करावा लागेल.

मसुदा तयार झाला की नावं काढून इथे टाका, वाचून सांगतो.