उत्तर: गाडी धुण्यासाठी १८० बारचा प्रेशर वॉशर घ्यावा का?

नुसता बारचा (म्हणजे पाण्याच्या दाबाचा) आकडा बघून १८० चं मशीन घेऊ नका. गाडीला ११०-१३० बार भरपूर झाले. त्यापेक्षा प्रवाह बघा, मिनिटाला ६ लिटर तरी हवा. बादलीतून पाणी ओढणार असाल तर मशीन सेल्फ-प्रायमिंग (स्वतःच पाणी ओढून घेणारं) आहे का ते आधी विचारा. पंप कोरडा चालला की सील जातात.

नोझल ४० अंशाचं (म्हणजे फवारा तेवढा पसरणारं), अंतर फूटभर. शून्य अंशाचं लाल नोझल गाडीजवळ आणूच नका, रंगाचे पोपडे उडतात, टायरची साईडवॉल चिरते. पावसात कसारा घाटातून नाशिकला आलात की मडगार्डच्या आत चिखल साचतो, तिथे खालून मारा. रेडिएटरवर मात्र नको, पात्या वाकतात.

आणि प्लगला ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) हवाच, कृपया यात काटकसर करू नका.