स्वस्तातली तुर्की दुनळी घ्यावी का?

स्कीटवाला_डॅलस:
नमस्कार मंडळी. स्कीटसाठी (हवेत उडवलेल्या मातीच्या तबकड्या टिपायचा खेळ) स्वतःची बाराबोर शॉटगन घ्यायची आहे, बजेट ८०० डॉलर. एकावर एक नळ्यांची नवी तुर्की दुनळी तेवढ्यात बसते, वर पाच चोक (नळीच्या तोंडात बसणाऱ्या, छर्रे किती पसरतील ते ठरवणाऱ्या छोट्या नळ्या) मिळतात. महिन्याला साधारण ४०० काडतुसं उडतील. टिकेल का? दुकानात काय बघून घ्यावं? ग्रीन कार्ड आहे.

छर्रा:
महिन्याला ४०० म्हणजे वर्षाला जवळजवळ ५,००० बार, आणि सगळं उत्तर या आकड्यात आहे. हंगामात काडतुसांचे दोन-चार डबे उडवणाऱ्या शिकाऱ्याने ही बंदूक खुशाल घ्यावी. कोन्या प्रांतातल्या हुग्लू आणि उझुम्लू गावांत बंदुका घडवणं हा पिढ्यांचा धंदा आहे, नळ्या सहसा चांगल्याच निघतात. गोम असते ती स्प्रिंगा, फायरिंग पिन आणि इजेक्टरच्या (उडालेलं काडतूस बाहेर फेकणाऱ्या भागाच्या) कामात. एकाच मॉडेलच्या दोन बंदुकांतही फरक निघतो, म्हणून ऑनलाइन न मागवता हातात घेऊन बघा.

आधी दोन्ही नळ्या रिकाम्या असल्याची खात्री करा. फोरएंड (नळ्यांखालचा, हाताने धरायचा भाग) काढून बंदूक मिटवा आणि नळ्या डावी-उजवीकडे हलवा. जराही खुळखुळ नको. बंदूक उघडायचा वरचा लिव्हर मिटल्यावर मधल्या रेषेच्या किंचित उजवीकडे थांबला पाहिजे. झीज होत जाते तसा तो डावीकडे सरकतो, त्यामुळे नवी बंदूकच मध्यावर आली असेल तर पुढे झिजायला जागा उरत नाही. मग नळ्या सुट्या करून हुकाला टांगा आणि टिचकी मारा. घंटेसारखा लांब नाद यायला हवा. बद्द आवाज आला तर नळ्यांवरच्या पट्टीचा डाख कुठेतरी सुटलेला असू शकतो.

वजनही बघा. ॲल्युमिनियमच्या ॲक्शनची (नळ्या जिला जोडल्या जातात ती मधली चौकट) साडेसहा पौंडी बंदूक दिवसभर खांद्यावर वागवायला बरी, पण चार डबे उडवले की खांदा सुजतो. क्लेसाठी, म्हणजे मातीच्या तबकड्यांसाठी, पोलादी ॲक्शन आणि आठ पौंडांच्या आसपास वजन हवं.

दुनळीप्रेमी:
चाप विसरू नका. बऱ्याच स्वस्त दुनळ्यांत इनर्शिया चाप असतो, म्हणजे पहिल्या बाराच्या धक्क्याने दुसरी नळी तयार होते. २४ ग्रॅम छऱ्यांच्या हलक्या काडतुसाचा धक्का कधी पुरत नाही, आणि स्कीटमध्ये १, २, ६ आणि ७ नंबरच्या जागांवर डबल, म्हणजे एकाच वेळी दोन तबकड्या, असतात. दुसरी तबकडी हातची जाते.

स्कीटवाला_डॅलस:
हे दुकानात कसं ओळखायचं?

दुनळीप्रेमी:
दुकानदाराला विचारून दोन्ही नळ्यांत स्नॅप कॅप (सरावाची नकली काडतुसं) घाला. चाप ओढा, सोडा, बंदूक न हलवता पुन्हा ओढा. दुसरा 'टक' आला तर मेकॅनिकल, म्हणजे धक्क्यावर न चालणारा चाप. नाही आला तर दस्त्याच्या रबराला तळहाताने ठोका आणि परत ओढा. आता आला तर इनर्शिया.

घेतल्यावर पहिल्याच दिवशी कागदावर बार काढा. टेकू देऊन, १६ यार्डांवरून, दोन्ही नळ्यांत सर्वांत आवळ चोक लावून प्रत्येक नळीचे तीन-तीन बार, वेगवेगळ्या कागदांवर. दोन्हींच्या मध्यबिंदूंत दोन इंचांचं अंतर असेल तर ४० यार्डांवर ते पाच इंच होतं. त्याहून जास्त फरक दिसला तर बंदूक परत करा. हा दोष घरी दुरुस्त होत नाही. चोकच्या आट्यांना ग्रीस लावा आणि दर २५ बारांनंतर बंदूक रिकामी करून चोक सैल झालेत का ते बघा. सैल चोक नळीचं तोंड फोडतो.

छर्रा:
माझं मत स्पष्ट आहे: ५,००० बारांसाठी बजेट थोडं ताणून जपानच्या मिरोकूत बनलेली जुनी ब्राउनिंग सिटोरी शोधा. सुटे भाग मिळतात, गनस्मिथला ती पाठ असते, विकतानाही भाव येतो. वरच्या सगळ्या चाचण्या तिलाही लावा.

आणि इथे वाचणाऱ्या एच-१बी वाल्यांसाठी: तुमचा व्हिसा नॉन-इमिग्रंट आहे. वैध शिकार परवान्यासारखा अपवाद लागू नसेल तर अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने बंदूक विकत घेणं तर सोडाच, जवळ बाळगणंही गुन्हा आहे. दुकानात बंदूक घेताना भराव्या लागणाऱ्या ४४७३ फॉर्मवर हा प्रश्न येतोच. परवाना खिशात आल्यावरच दुकानात जा.