चारच बेस क्लास की बारा स्पेशल क्लास? बागलाण कॅम्पेनच्या निमित्तानं

गोदाकाठचा डीएम

साल्हेर-मुल्हेरपासून रामशेजपर्यंतचा पट्टा, काळ सतराव्या शतकासारखा, पण भुतंखेतं खरी. असं डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स) धर्तीच्या टेबलावरच्या भूमिकाखेळाचं कॅम्पेन, म्हणजे अनेक बैठका चालणारी गोष्ट, मांडतोय. मी डीएम, म्हणजे खेळ चालवणारा. लेव्हल १ ते १०, खेळाडू ५. क्लासची, म्हणजे पात्रांच्या पेशांची, यादी करायला बसलं की ती फुगतच जाते: बारगीर, शिलेदार, तिरंदाज, गोलंदाज, पट्टेकरी, हेर, बहुरूपी, वैदू, भगत, मांत्रिक...

माझं मत, बेस क्लास चारच: शिपाई, हेर, मांत्रिक, भगत. प्रत्येकाखाली तीन शाखा. शाखा लेव्हल ३ ला निवडायची, तिचे गुण ३, ६ आणि ९ ला मिळतील.

बारा स्वतंत्र क्लास केले तर १० लेव्हलच्या १२० नोंदी लिहाव्या लागतात. चार बेसच्या सात-सात म्हणजे २८ आणि बारा शाखांच्या तीन-तीन म्हणजे ३६, मिळून ६४. शिवाय हिट पॉइंट (किती घाव सोसेल), हल्ल्याचा बोनस आणि सेव्ह (संकटातून वाचण्याचा फासा) चारदाच जुळवायचे.

चाळणी अशी लावतो. लढाईच्या फेरीत पात्राचं कामच वेगळं असेल तर बेस. काम तेच पण तऱ्हा वेगळी असेल तर शाखा. नुसतं सामान वेगळं असेल तर दोन्ही नाही. शिलेदार घोडा आणि हत्यार स्वतःचं आणतो, बारगिराला ते सरकारातून मिळतं. यात क्लास कुठे आहे? सुरुवातीच्या सामानात एक ओळ लिहिली की झालं.

पट्टेकरी

नोंदी कमी झाल्या, डीएमची सोय झाली. खेळाडूचं काय? पट्टा फिरवायचा म्हणून मी टेबलावर बसलो आणि लेव्हल ३ पर्यंत बाजूच्या तिरंदाजासारखाच शिपाई म्हणून खेळायचं? बहुतेक कॅम्पेनं दहाव्या लेव्हलच्या कितीतरी आधी गुंडाळली जातात. वैशिष्ट्य पुढं ढकललं की ते बहुतेकांच्या वाट्याला येतच नाही.

डी अँड डीच्या तिसऱ्या आवृत्तीत (२०००) प्रेस्टीज क्लासचं (ठराविक अटी पुऱ्या केल्यावरच घेता येणारे क्लास) हेच झालं. तिच्याच सुधारित ३.५ मधला मिस्टिक थर्ज बघा. दैवी आणि गूढ, दोन्हीकडचे दुसऱ्या पातळीचे स्पेल (मंत्र) येत असल्याशिवाय प्रवेश नाही. म्हणजे सरळ वाटेनं क्लेरिक (दैवी मंत्रवाला) ३, विझार्ड (गूढ मंत्रवाला) ३ आणि मग सातव्या लेव्हलला थर्ज. त्या क्षणी त्याच्याकडे दोन्ही बाजूंचे दुसऱ्याच पातळीचे स्पेल असतात, आणि शेजारचा सरळसोट विझार्ड चौथ्या पातळीचे टाकत असतो. आवडतं पात्र मिळवायचं तर सहा लेव्हल लंगडत चालायचं.

गोदाकाठचा डीएम

थर्जचं दुखणं अटींचं आहे, शाखांचं नाही. माझ्या मांडणीत अट एकच, लेव्हल ३. आणि सुट्ट्या क्लासांची भेसळ काय करते तेही त्याच आवृत्तीत दिसतं. चांगला सेव्ह पहिल्या लेव्हललाच +२ देतो आणि क्लास बदलला की बेरीज होते. फायटर १, बार्बेरियन १, रेंजर १ केलं की फॉर्टिट्यूड (शरीराच्या चिवटपणाचा सेव्ह) +६. तीन लेव्हलचा निव्वळ फायटर +३ वरच. उलट रोग (चोर-हेराचा क्लास) १, क्लेरिक १, विझार्ड १ केलं तर तिसऱ्या लेव्हललाही हल्ल्याचा बोनस शून्य. क्लास जितके जास्त तितक्या अशा फटी.

द्वारका सर्कल

फटी शाखांतही असतात. डी अँड डीच्या २०१४ च्या नियमांत क्लेरिक, सॉर्सरर आणि वॉरलॉकला सबक्लास (म्हणजे शाखा) पहिल्याच लेव्हलला मिळायचा. मग पॅलाडिन (धर्मयोद्धा) एक लेव्हल वॉरलॉकची घ्यायचा, हेक्सब्लेड शाखा निवडायचा आणि ताकदीऐवजी करिश्म्यावर तलवार चालवायला लागायचा. २०२४ च्या पुस्तकात सगळ्यांचे सबक्लास लेव्हल ३ ला नेले, आता ही उचलेगिरी महाग पडते. तेव्हा डीएमचा ३ हा आकडा ठीक. पण पट्टेकरींचं रडगाणंही खरं आहे. लेव्हल १ ला शाखेची झलक द्या. पट्टेकऱ्याला पट्ट्याचं प्रावीण्य आणि दोन शत्रूंनी घेरल्यावर +१ बचाव, बस. बोनस वाढत जाणारं काही नको, म्हणजे ते चोरण्यात फायदा उरत नाही.

पंचवटी पार्टी

मूळ मुद्दा अजून कुणी काढलाच नाही. नवा क्लास आला की तो बाकीच्यांकडून काहीतरी काढून घेतो. १९७४ च्या पहिल्या डी अँड डीमध्ये तीनच क्लास होते: फायटिंग-मॅन, मॅजिक-यूजर, क्लेरिक. लपणं, भिंत चढणं, सापळा शोधणं सगळेच करत, डीएम निवाडा देई. १९७५ च्या ग्रेहॉक पुरवणीत थीफ आला आणि ही कामं त्याच्या तक्त्यात गेली. पुढं एडी अँड डीमध्ये (अ‍ॅडव्हान्स्ड डी अँड डी) पहिल्या लेव्हलच्या थीफला लपण्याची शक्यता १० टक्के. खास लपणाऱ्यालाच दहा, मग बाकीच्यांनी प्रयत्न तरी का करावा?

बागलाणात हे फार नडेल. साल्हेरचा कडा चढणं ही हेराची मक्तेदारी केली तर उरलेले चौघे पायथ्याशी काय करणार? चढणं सगळ्यांना द्या. हेराला एवढंच द्या की तो दोर न बांधता, अर्ध्या वेळात चढतो.

पट्टेकरी

मान्य, पण हे शाखांनाही लागू आहे. ‘बहुरूपी’ शाखा केली की साधा हेर वेष बदलायला कचरणार.

सातपूरकर

शाखा म्हटलं की सगळं आपोआप समतोल होतं हा भ्रम आहे. २०१४ च्या फायटरच्या दोन शाखा घ्या. चॅम्पियनला क्रिटिकल (घावाचे फासे दुप्पट) वीसपैलू फाशावर २० ऐवजी १९-२० वर, म्हणजे ५ टक्के जादा संधी. लांब तलवारीचा आठपैलू फासा सरासरी ४.५ देतो, म्हणून दर वारामागे जादा घाव ०.२२५. बॅटल मास्टरला दर छोट्या विश्रांतीमागे चार आठपैलू फासे, सरासरी १८. बरोबरी करायला चॅम्पियनला ८० वार लागतील. तिसऱ्या-चौथ्या लेव्हलला फेरीत एक वार असतो, लढाई चार-पाच फेऱ्यांत संपते. काढा हिशेब. आणि बॅटल मास्टर शत्रूला पाडतो वगैरे ते निराळंच.

चॅम्पियनला काही लक्षात ठेवावं लागत नाही, नवख्याला तो बरा. म्हणून प्रत्येक बेसखाली एक बिनहिशेबी शाखा ठेवाच, पण तिला आकड्यांत उपाशी ठेवू नका.

बाकी ‘आधी बेस की आधी स्पेशल’ यावर शॅडो ऑफ द डेमन लॉर्ड (२०१५) या दुसऱ्या भूमिकाखेळाचं उत्तर मला पटतं. लेव्हल १ ला ४ वाटा (तिथले क्लास), ३ ला १६, ७ ला ६४. कुठलीही वाट कुठल्याहीनंतर घेता येते, आधीची अट नाही. मांत्रिकाला तिसऱ्या लेव्हलला लढाईची वाट घेता येते.

गोदाकाठचा डीएम

चौसष्ट वाटा लिहायला मी एकटा आहे हो. पण शाखा बेसला बांधलेली नको, हे घेतो. बारा शाखांपैकी निम्म्या कुणालाही खुल्या ठेवतो: वैदू, बहुरूपी, तिरंदाज आणि अजून तीन.

गोलंदाजाचं मात्र अडलंय. गडावर तो राजा, पण पांडवलेण्यांसारख्या गुहेत उतरला की तोफ कुठून आणणार? फेरीत करायला काहीच नाही.

द्वारका सर्कल

तोफ हे सामान झालं, तुमच्याच चाळणीनं. त्याचं काम ‘स्फोट’ धरा. दीर्घ विश्रांतीमागे दारूची ३ मडकी. १० फुटांच्या आतल्या सगळ्यांना दोन सहापैलू फासे, चपळाईचा सेव्ह जमला तर निम्मा घाव. तोफ मिळाली तर तेच फासे दुप्पट.

पट्टेकरी

त्या १० फुटांत पुढं उभा असलेला मीच सापडतो. विहारातल्या खोल्या केवढ्याशा असतात! ५ फूट करा, आणि स्फोटानंतर एक फेरी धुरात कुणालाच नेम धरता येणार नाही, गोलंदाजालाही नाही.

द्वारका सर्कल

५ फुटांत बहुतेक वेळा एकच शत्रू येतो, मग सरासरी ७ घावासाठी मडकं कोण फोडेल? ५ फूट असेल तर फासे तीन करा. धूर चालेल.