फवारा आधी की केंद्र?

टिळकवाडीचा मास्तर: काल इथं एका भाऊंनी लिहिलं, 'व्यसनमुक्ती केंद्रं म्हणजे पैसे काढायचे धंदे. अमेरिकेत २०२३ पासून नालोक्झोनचा नाकातला फवारा चिठ्ठीशिवाय मिळतो, तो इथल्या प्रत्येक मेडिकलात ठेवा.' डोकं फिरलं. अहो, तो फवारा उतरवतो अफूच्या जातीची नशा, बंद पडत चाललेला श्वास परत आणतो. हेरॉईन, मॉर्फीन. आपल्या बेळगावात चोर्ला घाटातून येते ती गोव्याची दारूची बाटली. तिला त्याचा काय उपयोग? शिवाय असर अर्धा ते दीड तास. मग श्वास परत मंदावू शकतो. दवाखाना गाठायलाच लागतो.

खानापूरचा रांगडा: मास्तर, मेलेल्याचं व्यसन कोण सोडवणार? माझ्या मावसभावाला पुण्यात कामाला असताना ब्राऊन शुगर लागली, म्हणजे हेरॉईनच. सहा महिने केंद्रात होता. सुटून आला आणि पहिल्याएवढीच ओढली. अंगाची सवय मोडलेली. पहाटे गार पडलेला. हा धोका केंद्रवाल्यांनी घरी सांगायला नको?

निपाणीची आक्का: सांगितला असेल की, कन्नडात! आमच्या ह्यांचा डिस्चार्जचा कागद सगळा कन्नड. गोळी जेवणाआधी की नंतर, ते विचारायला शेजारच्या पोराला उठवलं.

गोकाकचा हणमंत: कर्नाटकात राहून कन्नड येत नाही, हे मिरवायचं काय?

निपाणीची आक्का: आलं ह्यांचं! ६० टक्के कन्नडचा नियम दुकानांच्या पाट्यांना आहे बाबा, पेशंटाला नाही.

गोकाकचा हणमंत: तुमच्या महाराष्ट्रात, अक्कलकोटात कन्नड पेशंटाला कन्नड कागद मिळतो? १९५६ ला भाषेवर राज्यं पाडली तेव्हापासून तेच रडगाणं.

निपाणीची आक्का: मिळत नसेल तर तेही चूकच. झालं समाधान?

टिळकवाडीचा मास्तर: होगली, जाऊ दे. विषय काय, चाललाय कुठं!

वॉर्डातली ताई: तुम्ही भांडा. रोजची दारू एकदम तोडली तर फिट येते, भ्रम होतो, माणूस दगावतोही. खोलीत कोंडून सोडवू नका. आणि अफूवाल्याला ब्युप्रेनॉर्फीनची जिभेखालची गोळी चालू ठेवली की जीवही वाचतो, तलफही दबते. तोच उपचार, तोच बचाव. व्यसनमुक्तीच्या सरकारी हेल्पलाइनला, १४४४६ ला फोन करा, फुकट आहे.

टिळकवाडीचा मास्तर: एक नशा सोडवायला दुसरी गोळी? वर्षानुवर्षं?

वॉर्डातली ताई: शुगरची गोळी किती वर्षं घेताय, मास्तर?

टिळकवाडीचा मास्तर: अकरा. बरं, गोळीचं मान्य. फवाऱ्याचं नाही.

खानापूरचा रांगडा: त्या पहाटे घरात असता, तर मान्य केलं असतं.

गोकाकचा हणमंत: आक्का, कागदाचा फोटो टाका, वाचून सांगतो. पाट्यांचं मात्र आमचंच खरं.

निपाणीची आक्का: टाकते. सगळा वाचणार, की ६० टक्केच?